लिहून दिलेला मेजर, म्हणजे मुख्य विषय, किती जणांनी पुरा केला? भाजकावरून कॉलेजात तीन तट

पळसपान
गुरुवार, रात्री 10.40

नमस्कार. नागपुरात एका स्वायत्त कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप येतं हे तीन वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये बोलून गेले आणि तेव्हापासून आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) सगळे तक्ते माझ्या गळ्यात पडले. बॉटनी घेतली तेव्हा वाटलं होतं, जन्म अंबाझरीच्या काठानं पानं गोळा करण्यात जाईल. असो.

मागच्या सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, 2023 ला ज्या मुलांनी केमिस्ट्री मेजर लिहून दिला, त्यातल्या किती जणांनी तो पुरा केला, एवढंच सांगा. बुधवारपर्यंत." मी म्हटलं, देते सर. तो बुधवार गेला, कालचा बुधवारही गेला.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांना 2023-24 पासून लागलं, संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून. म्हणजे फॉर्मवर 'मेजर' लिहून आत आलेली आमची पहिली तुकडी आत्ता या उन्हाळ्यात सहावं सत्र देऊन बाहेर पडली. त्याआधी बीएस्सीला तिघांचा संसार असायचा, सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी) नाही तर पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). तिन्ही विषयांना सारखं वजन. अमुक विषय कुणी अर्ध्यात सोडला का, असं विचारायचं कारणच पडत नसे.

तर आकडे. खरे इथे टाकणं बरं नाही, म्हणून बदलून, सोपे करून देते. गुंता मात्र जसाच्या तसा ठेवलाय. 2023 च्या प्रवेशाला केमिस्ट्री मेजर लिहिणारे 60. सहाव्या सत्राला केमिस्ट्री मेजरचे बसले 40. पास झाले 36.

परीक्षा विभागाचे सर म्हणाले, 40 पैकी 36, नव्वद टक्के. नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) तक्त्यात आपण वर्षानुवर्षं असंच भरत आलो, शेवटच्या वर्षाला बसले किती आणि पास किती. प्रवेश विभागातल्या ताई म्हणाल्या, आत घेतले 60, मग 60 पैकी 36, साठ टक्के. केमिस्ट्रीचे विभागप्रमुख दोघांवरही उखडले. त्यांचं म्हणणं, त्या साठातली आठ पोरं सीईटीच्या फेऱ्या संपेपर्यंत आपल्याकडे टेकली होती, पोळ्याच्या आत टीसी काढून गेली, मी त्यांना एक प्रॅक्टिकलसुद्धा घेतलं नाही, ती माझ्या माथी कशाला? म्हणून 52 पैकी 36, म्हणजे 69 टक्के.

तिघांचंही मला पटतं, तीच पंचाईत आहे. ज्याचं म्हणणं ऐकते त्याची होऊन बाहेर येते.

दुसरी अडचण रविवारी कळली. आमच्या प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलानं मेजर बदलला की जुना विषय पुसला जातो आणि नवा बसतो. कधी बदलला, कशातून बदलला, काही उरत नाही. आज उघडून पाहिलं तर जो बॉटनीत आहे तो जन्मापासून बॉटनीतच होता असं दिसतं. ते सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा तुम्हालाच करंट स्टेटस हवा होता ना?" तो साठचा आकडासुद्धा मला नोटीस बोर्डावर लागलेल्या गुणवत्ता यादीच्या झेरॉक्सवरून मिळाला. मशीनला 2023 चे केमिस्ट्री मेजर विचारले तर ते 47 सांगतं. हे 47 कुठून आले, मला अजून उलगडलेलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 2024 पासून आमच्याकडे पद्धत बदलली. पहिल्या वर्षी तीन विषय, तिसऱ्या सत्राला त्यातला एक मेजर, एक मायनर (दुय्यम विषय), एक सुटतो. पुढच्या वर्षी हाच प्रश्न परत येणार आणि दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लावा असं सांगणार, हे मला आत्ताच दिसतंय.

तर भाजक कोणता धरायचा? पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन थांबलेली मुलं कुठे टाकायची? आणि मुख्य म्हणजे जुना मेजर शोधायचा कसा? कुणी हे केलंय का?


कट्टेकरी
गुरुवार, रात्री 11.05

नव्वद द्या आणि मोकळ्या व्हा मॅडम. नव्वद दिलेल्याला परत कोणी बोलावत नाही. साठ दिले की 'कारणमीमांसा' मागतात, तीही तुम्हालाच लिहावी लागते.


पळसपान
गुरुवार, रात्री 11.12

ते मलाही सुचलं होतं. पण गंमत अशी की नव्वदचा आकडा सुधारायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कच्ची मुलं पाचव्या सत्राआधीच गळू देणं. बसतील तेच जे पास होतील. तो आकडा मी माझ्या हातानं कसा लिहू?


बडेबाबू_निवृत्त
शुक्रवार, सकाळी 6.50

मॅडम, मी 31 वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, त्यातली 14 प्रवेशाच्या खिडकीवर. कॉम्प्युटर आमच्या शेवटी शेवटी आला. तुमचं वाचून रात्री झोपच नाही लागली, म्हणून पहाटे लिहून राहिलो.

पहिली गोष्ट. पोळ्यापर्यंतचा हजेरीपट खरा नसते. हे आम्ही नव्या बाबूला पहिल्या दिवशी सांगायचो. इंजिनीअरिंगच्या, फार्मसीच्या फेऱ्या चालू असतात, बापानं इथं फी भरून जागा धरून ठेवली असते. पोट्टं येते, दोन दिवस मागच्या बाकावर बसते, कॅन्टीनचे तर्री पोहे खाते आणि एक दिवस मामाला घेऊन टीसी काढायला उभं राहते. त्याच्यावर राग नाही धरायचा. पण त्याले मोजायचं का, तं मी म्हणेन मोजायचं, फक्त वेगळ्या रकान्यात. विभागप्रमुखसाहेब म्हणून राहिले तसं गाळून टाकाल तं उद्या कोणी म्हणेल, दिवाळीच्या आधी गेलेलेही गाळा.

दुसरी गोष्ट, जुना विषय शोधायची. आमच्या काळी दाखलखारीज रजिस्टर होतं. विषय बदलला तं खोडायचं नाही असा दंडक होता. लाल शाईनं आडवी रेघ, वर नवा विषय, बाजूला तारीख आणि माझी सही. रेघेखालचा विषय वीस वर्षांनीही वाचता येते. तुमच्या मशीननं खोडरबर वापरलं, तं दोष मशीनचा नाही, ज्यानं 'रेघ मारायची' असं त्याले सांगितलं नाही त्याचा आहे.

पण घाबरू नका. एक कागद असा आहे की तो कोणीच मागं जाऊन बदलवत नाही. परीक्षेचा फॉर्म. दर सत्राला पोट्टे फॉर्म भरतात, त्यावर पेपरचे कोड असतात, फी भरली असते, त्याच्यावरून हॉल तिकीट निघते. एकदा परीक्षा झाली का तो कागद गोठला समजा. पहिल्या सत्रापासून सहाव्यापर्यंतचे फॉर्म एकाखाली एक लावा. मेजरचा कोड कोणत्या सत्रात बदलला ते आपोआप दिसते. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे फॉर्म तुमच्याच परीक्षा विभागात पडून असतील. विद्यापीठात चकरा मारायचं काम नाही.

तिसरं, टीसी रजिस्टर. त्यात 'सोडण्याचे कारण' असा रकाना असते. नव्वद टक्के ठिकाणी 'स्वेच्छेने' लिहिलं असते, कारण लिहिणारा बाबू माझ्यासारखा कंटाळलेला असते. पण तारीख खरी असते. तारखेवरूनच पुष्कळ कळते.


मध्यक
शुक्रवार, दुपारी 1.20

बडेबाबूंना दंडवत. जे मी 'काळानुसार नोंद ठेवा, नोंद पुसू नका' असं वर्गात तासभर समजावतो, ते लाल रेघेत आलं.

मी अमरावतीला संख्याशास्त्र शिकवतो. मॅडम, तुम्ही सगळे भाजकावर भांडताय, पण तुमचा अंशही संशयास्पद आहे. ते 36 नक्की कोण? सहाव्या सत्रात केमिस्ट्री मेजर पास झालेले. त्यातले सगळे पहिल्या दिवशी केमिस्ट्रीच लिहून आले होते का? फिजिक्समधून, झूलॉजीतून चार जण मधेच आत आले असतील तर तुम्ही दुसऱ्याच्या घरची माणसं आपल्या पंगतीत मोजताय. समजा 40 जणांनी विषय लिहिला, 14 जण सोडून गेले आणि बाहेरचे 12 येऊन पास झाले. पदव्या 38. कुणी म्हणेल 95 टक्के! पण लिहून दिलेला विषय पुरा करणारे 26, म्हणजे 65 टक्के. विभाग मोठा आहे की लहान, हे पाहायला 38 बघा. तुमच्या प्राचार्यांचा प्रश्न मात्र 26 चा आहे.

म्हणून टक्केवारी काढायच्या आधी एक चौकोन आखा. आडव्या ओळींत विषय, मूल आत आलं तेव्हाचा. उभ्या रकान्यांत तेच विषय, मूल बाहेर पडलं तेव्हाचा, आणि शेवटी तीन जादा रकाने: टीसी काढून गेले, अजून शिकतायत, पत्ता नाही. प्रत्येक मूल एकाच घरात बसलं पाहिजे आणि ओळीची बेरीज प्रवेशाच्या संख्येइतकीच यायला हवी. नाही आली तर थांबा, पुढे जाऊ नका. कर्णावर जे येतात त्यांनी लिहून दिलेला विषय पुरा केला. त्याच ओळीत कर्णाबाहेर ज्यांना पदवी मिळाली त्यांनी विषय सोडला, कॉलेज नाही. या दोघांना एका पोत्यात घालणं हा माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

अमेरिकेत मेजर हा प्रकार आपल्यापेक्षा कितीतरी जुना, म्हणून तिकडचं सांगतो. तिथे 1990 च्या कायद्यानं कॉलेजांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं. भाजकात त्या वर्षी पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पूर्णवेळ मुलं, आणि मुदत दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा. पण त्या हिशेबात केमिस्ट्री लिहून इतिहासाची पदवी घेणाराही 'पूर्ण' धरला जातो. मेजरचं वेगळं पाहिलं तर चित्र पालटतं. 2011-12 ला कॉलेजात आलेल्यांचा तिथल्या केंद्र सरकारच्या शिक्षण सांख्यिकी विभागानं माग काढला. मेजर ठरवलेल्यांपैकी साधारण 30 टक्के मुलांनी तीन वर्षांच्या आत तो बदलला होता. सुरुवातीला गणित घेतलेल्यांत तर 52 टक्के. तेव्हा तुमच्या केमिस्ट्रीवाल्यांना सांगा, विषय बदलणं ही नागपूरची साथ नाही.

आता 2023 आणि 2024 ची तुलना. करू नका. किंवा करायचीच तर घड्याळ एकाच जागी सुरू करा. 2023 च्या मुलानं पहिल्याच दिवशी मेजर लिहिला. 2024 चं मूल तो तिसऱ्या सत्रात लिहिणार, म्हणजे सीईटीवाले गेल्यावर, दोन निकाल पाहिल्यावर. जे तोवर टिकलेत तेच लिहिणार. त्यांचा आकडा चांगला येणारच, आणि सगळे म्हणतील नवी पद्धत फळली. तुलना हवी तर 2023 च्या तुकडीतूनही तिसऱ्या सत्राच्या परीक्षा फॉर्मावर जे केमिस्ट्रीत होते तेवढेच घ्या.

पोळ्याबद्दल एक बारीक तक्रार. पोळा तिथीनं येतो. 2023 ला अधिक श्रावण होता, पोळा पार 14 सप्टेंबरला गेला. भाजक पंचांगावर ठेवू नका, एक इंग्रजी तारीख नेमा आणि दरवर्षी तीच धरा.

शेवटचं. सर्टिफिकेट घेऊन थांबलेल्यांना 'सोडून गेले' म्हणायची घाई नको. नियम असा की पहिल्या वर्षाचे किमान 40 क्रेडिट झाले आणि वरून 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली, की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. म्हणजे 2023 च्या तुकडीचा अंतिम हिशेब 2030 च्या आधी लागतच नाही. शेवट कळायच्या आतच मोजणी थांबते, आमच्या शास्त्रात याला तोडलेली निरीक्षणं म्हणतात आणि त्यासाठी 1958 पासून कापलान-मायरची रीत आहे. पण 60 मुलांसाठी तेवढा तोफखाना नको. 'अजून शिकतायत' हा रकाना प्रामाणिकपणे भरा, बास. आणि ज्या विषयात नऊ-दहाच मुलं आहेत तिथे टक्के लिहूच नका. नऊतलं एक गेलं की 11 टक्के गळती दिसते.


सावनेर_अपडाऊन
शुक्रवार, रात्री 9.15

मॅडम, मी शिक्षिका वगैरे नाही, याच वर्षी बीएस्सी झाले, दुसऱ्या कॉलेजातून. सावनेरहून रोज अपडाऊन केलं. तुमच्या चौकोनात मी कुठे बसते ते विचारायचं होतं.

मला मायक्रोबायोलॉजी मेजर हवा होता. बारावीचे मार्क कमी पडले, मायक्रोच्या जागा भरल्या, खिडकीवरचे काका म्हणाले केमिस्ट्री उरलंय, लिहू का? मागे रांग होती, बाबांना दुपारी ड्यूटीवर जायचं होतं. मी म्हटलं लिहा. तिसऱ्या सत्राला मायक्रोत दोन जागा रिकाम्या झाल्या, मी अर्ज दिला आणि गेले. आता माझ्या कॉलेजच्या कागदावर मी 'मेजर बदललेली विद्यार्थिनी' आहे. पण मी बदललं काय? मला जिथे जायचं होतं तिथे मी एक वर्ष उशिरा पोचले.

आणि माझी मैत्रीण बी-फार्मला गेली. टीसी काढायला आम्ही दोघीच गेलो होतो. रजिस्टरात तिच्या नावापुढे पण 'स्वेच्छेने' लिहिलं. ती खरंच स्वेच्छेने गेली, पण खिडकीत उभी राहून रडत होती, त्याचा काय रकाना नसतो ना.

ता.क. आमच्या वर्गातली एक जण सहाही सत्रं केमिस्ट्रीत राहिली, पास झाली, कर्णावर बसेल. तिचं सगळं लक्ष पहिल्या दिवसापासून एमपीएससीत. तिला विचारा केमिस्ट्री पुरं केलं का, तर हसेल.


मध्यक
शुक्रवार, रात्री 9.40

तुझा मुद्दा मी माझ्या लांबलचक उत्तरात विसरलो, याची लाज वाटते. मागितलेला विषय आणि मिळालेला विषय हे दोन वेगळे स्तंभ हवेत. प्रवेशाच्या फॉर्मवर पसंतीक्रम असतो, तो कुणी जपून ठेवत नाही. मॅडम, तुमच्याकडे तो असेल तर ज्यांची पहिली पसंती केमिस्ट्रीच होती त्यांची ओळ वेगळी काढून बघा.


बडेबाबू_निवृत्त
शुक्रवार, रात्री 10.02

पोरी, ते खिडकीवरचे काका मीच असतो तं मीही तेच म्हटलं असतं. रांग मोठी असते नं.


पळसपान
बुधवार, रात्री 9.30

उशिरा लिहितेय, माफ करा. शनिवार ते मंगळवार परीक्षा विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. खिडकीत पाणी नसलेला कूलर, बाहेर पाऊस, आत घाम. सोबत एक शिपाई दादा, जे मला दर अर्ध्या तासानं विचारायचे, "मॅडम, सापडला का तो पोरगा?" कुठला पोरगा, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बडेबाबू, तुमचे पाय धरते. पहिल्या सत्राचे फॉर्म काढले, केमिस्ट्री मेजरचा कोड असलेले 52 निघाले. यादीत 60. फरकातले आठही टीसी रजिस्टरात सापडले, सगळे ऑगस्टचे, दोनच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातले. विभागप्रमुख म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. मग सत्रावर सत्र लावत गेले.

चौकोनातली केमिस्ट्रीची ओळ अशी आली (बदललेलेच आकडे पुढे चालवते). साठातले 32 कर्णावर. नऊ जणांना पदवी मिळाली, पण दुसऱ्या मेजरची. चार जण सहाव्या सत्राला बसले आणि अडकले, चौघांचाही फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिलाय, हिवाळी परीक्षेला परत बसतील. आठ सुरुवातीलाच गेले. उरले सात, त्यांच्याकडे येते. बेरीज 60. मध्यक सर, बेरीज जुळली तेव्हा रात्रीचे पावणेआठ झाले होते आणि मी शिपाई दादांना टाळी दिली.

आणि तुमचा अंशावरचा संशयही खरा निघाला. पास झालेल्या 36 मध्ये चार बाहेरून आलेले, तीन फिजिक्समधले, एक झूलॉजीतली. त्या 47 चं कोडंही सुटलं. साठातून नऊ दुसरीकडे गेलेले वजा, आठ प्रवेश रद्द झालेले वजा, बाहेरून आलेले चार अधिक. मशीन खोटं बोलत नव्हतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं, एवढंच.

आता जे लिहितेय ते लिहायला जरा जड जातंय. त्या नऊ जणांतल्या पाच जणी माझ्याच वर्गात होत्या. दोन वर्षं. त्यातल्या एकीनं ताडोबाच्या सहलीत मला सागाच्या पानावरची बुरशी दाखवली होती, आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं की ही पोरगी जन्मजात बॉटनीची आहे. ती केमिस्ट्री सोडून आली होती हे मला परवा, पिवळ्या पडलेल्या फॉर्मवरून कळलं. वर्गात कधी विचारलंच नाही की इथे कशा आलात गं. नऊपैकी आठांचे बदलीचे अर्ज दुसऱ्या सत्राच्या निकालानंतरच्या पंधरवड्यातले आहेत. कारणाच्या जागी 'वैयक्तिक'. आमच्याकडे 'स्वेच्छेने' नाही, 'वैयक्तिक' लिहितात.

सावनेरच्या मुली, तुझ्यासाठी पसंतीक्रम शोधला. छापील फॉर्मवर होता, पण ते फॉर्म प्रवेश संपल्यावर गठ्ठा बांधून तळघरात गेले आणि तळघरात मागच्या पावसाळ्यात पाणी शिरलं. अर्धे वाचता येतात. जे वाचता आले त्यावरून सांगते, त्या पाचातल्या दोघींची पहिली पसंती बॉटनी होती. पोचलेल्या.

आज प्राचार्यांकडे गेले. चौकोन ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "छान आहे. पण आकडा कुठला?" मी म्हटलं, दोन आहेत सर. लिहून दिलेला मेजर आतापर्यंत पुरा केला, 60 पैकी 32, म्हणजे 53 टक्के. कुठल्याही मेजरची पदवी आपल्याकडून घेतली, 60 पैकी 41, म्हणजे 68. आणि खाली टीप: चार अजून शिकतायत, आठ पहिल्या परीक्षेआधीच गेले. ते आठ गाळले तर काय येतं, हे केमिस्ट्रीच्या सरांनी तिथेच कॅल्क्युलेटर काढून सांगितलं, 62. मी म्हटलं, तेही लिहिते सर, पण तिसऱ्या ओळीत. परीक्षा विभागाचे सर नव्वद सोडायला तयार नव्हते. एनआयआरएफवाले (केंद्राची कॉलेजांची क्रमवारी लावणारे) तर मंजूर जागा भाजकात धरतात आणि नेमलेल्या मुदतीत पास झालेलेच मोजतात, मग आपला हा चौकोन कुणासाठी, असं विचारत होते. प्राचार्य म्हणाले, "माझ्यासाठी. मी विचारलं होतं." एवढ्यावर बैठक संपली. सॉफ्टवेअरमध्ये पुसायचं नाही, नवी ओळ जोडायची, असं पत्र उद्या जाणार आहे. मसुद्यात मी 'लाल रेघ' लिहिलं होतं, ते कापलं त्यांनी.

आता ते सात. तिघांनी नंतर टीसी काढली, एक नर्सिंगला गेल्याचं मैत्रिणी सांगतात. चौघांचा पत्ताच नाही. तिसऱ्या सत्रानंतर फॉर्म नाही, टीसी नाही, सर्टिफिकेटही मागितलेलं नाही. फोन बंद. यांना काय म्हणायचं? सध्या 'पत्ता नाही'त आहेत, पण त्या रकान्याकडे बघवत नाही.


बडेबाबू_निवृत्त
बुधवार, रात्री 10.15

मॅडम, टीसी काढली नाही म्हणता, तं दुसऱ्या कॉलेजात प्रवेश झालेला नसन. टीसीशिवाय कोण घेते? म्हणजे ते चौघं कुठं शिकून नाही राहिले, पण तुमच्याकडून गेलेही नाहीत. प्रवेशाच्या वेळी त्यांनी बारावीच्या कॉलेजची ओरिजिनल टीसी तुमच्याकडे जमा केली असन. ती एका कपाटात असते, वर्षवार गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. ते चार कागद तिथं आहेत का ते पाहा. त्याच्यावर गावाचा पत्ता असते, आणि सोबतच्या अर्जावर बहुतेक वेळा बापाचा किंवा मामाचा नंबर. पोराचा फोन बंद असते, मामाचा नसते.

माझ्या खिडकीवर एकदा काटोलकडचा एक मुलगा सहा वर्षांनी आला होता. संत्र्याच्या बागेत बापाला मदत करायला गेला तो तिकडंच राहिला. विचारत होता, माझी टीसी आहे का? मी म्हटलं, तुझी जागा गेली, कागद नाही गेला.


पळसपान
बुधवार, रात्री 10.31

तुमच्या त्या काटोलच्या मुलानं मग पुढे पदवी घेतली का?


बडेबाबू_निवृत्त
बुधवार, रात्री 10.34

टीसी घेऊन गेला. पुढचं मले माहीत नाही.


पळसपान
बुधवार, रात्री 10.50

कपाटाची किल्ली प्रवेश विभागातल्या ताईंकडे असते. उद्या साडेदहाला येतात त्या. शिपाई दादांना आत्ताच मेसेज टाकला, तर त्यांचं लगेच उत्तर आलं, "सापडला का?"